तिसरा आग्रह

पडद्यावर दुसऱ्यांदा ‘नको’ उमटलं, तेव्हा भरतेश मगदूमने आधी इरफानकडे पाहिलं. यंत्रात काही गडबड असली की ती इरफानच्या चेहऱ्यावर लगेच दिसते, हे त्याला वर्षभरात कळलं होतं. पण यंत्र सांभाळणारा इरफान मुल्ला मान खाली घालून बसला होता. यंत्र ठीक होतं.

डॉक्टर वसुधा कोठावळेंनी कागदावर वार आणि वेळ लिहिली, गुरुवार, अकरा वाजून दहा मिनिटं, आणि पेनाला टोपण लावलं.

“कालही नको, आजही नको. दोन दिवस, एकच प्रश्न, एकच उत्तर. भरतेश, कायद्याप्रमाणे हा तुमच्या बहिणीचा निर्णय झाला. शनिवारी दुपारी बारा वाजता मास्क काढू. त्यांना त्रास होऊ देणार नाही, एवढा शब्द देते.”

खाटेवर सुलोचना पडून होती. वय सत्तेचाळीस, भरतेशपेक्षा नऊ वर्षांनी मोठी, सगळ्या घराची आक्का. चौदा महिन्यांपूर्वी मेंदूच्या बुंध्याशी रक्ताची गुठळी अडकली आणि मानेखालचंच काय, चेहऱ्यावरचंही सगळं तिच्या हातचं गेलं. पापणीसुद्धा हलेना. ऐकू मात्र सगळं येत होतं, कळतही होतं. आता छातीचे स्नायू दमत चालले होते आणि नाकावरचा मास्क पुरेनासा झाला होता. गळ्याला छेद देऊन श्वासाचं यंत्र कायमचं लावायचं का, असा प्रश्न होता. असा प्रश्न नातेवाइकांना नव्हे, रुग्णालाच विचारायचा, असा नवा कायदा नुकताच आला होता.

आणि रुग्ण ‘नको’ म्हणाली होती.

न बोलणाऱ्या, न हलणाऱ्या बाईचं उत्तर पडद्यावर आलं कसं, तर त्याला कारण तिच्या कवटीखालची जाळी. मेंदूच्या पृष्ठभागावर केसापेक्षा बारीक तारांचं एक जाळं पसरलेलं होतं. माणूस मनाशी काही ठरवतो तेव्हा मेंदूतल्या हजारो पेशी एका ठरावीक लयीत पेटतात. जाळी ती लय टिपते आणि यंत्र तिचा अर्थ लावतं. पण प्रत्येक मेंदूची लय निराळी, त्यामुळे यंत्राला ती शिकावी लागते. शिकायला हजारो निवडी लागतात, आणि प्रत्येक वेळी यंत्राला पक्कं ठाऊक असावं लागतं, की या क्षणी, समोरच्या या चारांपैकीच काहीतरी माणूस निवडतो आहे. शिवाय कंटाळलेला मेंदू नीट लय देतच नाही.

जाळी बनवणाऱ्या कंपनीने सरावासाठी फुग्यांचा खेळ दिला होता. लाल फुगा की निळा फुगा, दिवसातून दोनशे वेळा. तीन आठवड्यांनी यंत्राने निकाल दिला: रुग्णाचं सहकार्य नाही. करेल कशाला? जिने आयुष्यभर चारचौघांना बोलण्यात पकडून घामाघूम केलं, ती बाई फुगे फोडत बसेल?

मग भरतेशने ‘कल्हई’ आणला.

‘कल्हई’ हा त्या दोघांचाच खेळ. दहा वर्षांपूर्वी जयसिंगपूरच्या घरात माळ्यावर बसून केलेला. संगणकाचं काम त्याचं, गोष्ट आणि संवाद आक्काचे. तारा नावाची कल्हईवाली सरदार नावाच्या गाढवाला घेऊन गावोगाव भांड्यांना कल्हई करत फिरते. वाटेत लढाया होतात, पण तलवारीने नाही. समोर नणंद उभी राहते, तलाठी उभा राहतो, आणि तुमच्यापुढे चार पर्याय येतात: टोमणा मार, गोड बोल, रुसून बस, गप्प राहा. तुम्ही एक निवडायचा, मग समोरचा त्याचा डाव टाकणार, मग पुन्हा तुम्ही. तुमचा डाव असेपर्यंत सगळं जग थांबून राहतं. तासभर विचार करा, तलाठी हात कमरेवर ठेवून तसाच उभा. ज्यांना हा खेळ आवडला त्यांना तो या सवडीसाठीच आवडला.

ज्यांना आवडला नाही त्यांची यादी मोठी होती. पिशवीत सहाच वस्तू मावतात. एका गावाहून दुसऱ्या गावाला पायीच जायचं, दुसरा मार्ग नाही. गाढव मनात येईल तेव्हा बसतं आणि तुमचा डाव फुकट जातो. आणि सगळ्यांत संताप आणणारी गोष्ट म्हणजे खेळ जतन करायची सोय. कुणाच्या तरी घरी चहा घेतल्याशिवाय खेळ जतनच होत नसे. बरं, चहा घ्यायचा तर यजमानीण विचारणार, “चहा घेणार न्हवं?” इथे लगेच ‘हो’ म्हटलं, तर तारेच्या नावापुढे ‘हावरी’ असा शिक्का बसायचा आणि पुढच्या तीन गावांत तिला कुणी भांडं दाखवायचं नाही. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की हो. हा नियम आक्काचा. “लोकांना रीतभात नको का शिकवायला?” असं म्हणून ती हसत सुटली होती. नाशिकच्या एका गृहस्थाने लिहिलं होतं, ‘या खेळाने मला माझ्या सासुरवाडीची आठवण करून दिली, पैसे परत करा.’

तर आक्काला फुग्यांऐवजी तिचाच खेळ मिळाला आणि आठ दिवसांत यंत्र ताळ्यावर आलं. सहा महिन्यांत शंभरातल्या शहाण्णव निवडी बरोबर येऊ लागल्या. पण यंत्र शिकलं ते त्या खेळात. खेळाबाहेर काही विचारलं तर त्याला लय ओळखताच येईना. म्हणून डॉक्टरांचा प्रश्नही खेळातल्याच चौकटीत घालावा लागला. त्या वेळी तारा पानवडी नावाच्या गावात धोंडूबाईच्या ओसरीवर बसलेली होती. धोंडूबाईच्या तोंडी प्रश्न आला: श्वासाचं यंत्र कायमचं लावायचं का?

हे सगळं भरतेशला माहीत होतं. त्यानेच तर केलं होतं. तरी त्या गुरुवारी त्याच्या डोक्यात काही उजेड पडला नाही. दुःखाने माणूस मठ्ठ होतो.

उजेड पडला तो संध्याकाळी ताटावर. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची घरची रीत होती, म्हणून बायको त्रिशलाने त्याला बळेच बसवलं होतं. त्याने अर्धी भाकरी कशीबशी संपवली.

“अजून एक वाढू?”

“नको.”

“अर्धी तरी घ्या की. सकाळपासून पोटात काही नाही.”

“नको म्हटलं ना.”

“बरं, चतकोर. माझ्यासाठी,” असं म्हणत तिने चतकोर भाकरी ताटात टाकलीसुद्धा, आणि त्याने हातात घेतलीसुद्धा.

भाकरी हातातच राहिली.

“त्रिशला,” तो म्हणाला, “तिला दोनदाच विचारलंय.”

“कुणाला?”

“आक्काला! दोनदाच विचारलंय. तिसऱ्यांदा विचारलंच नाही.” हात न धुताच तो उठला.

डॉक्टर कोठावळे घरी जायला निघाल्या होत्या. त्यांनी पिशवी खांद्यावरची न काढता सगळं ऐकून घेतलं. भरतेश बोलत होता, अडखळत होता, पुन्हा पहिल्यापासून सांगत होता.

“धोंडूबाईच्या ओसरीवर कुणीही पहिल्यांदा हो म्हणत नाही, डॉक्टर. सहा महिन्यांत आक्काने तीनशे वेळा चहा घेतलाय. तीनशे वेळा नको, नको, हो. तुम्ही विचारलंत आणि ती रीतीप्रमाणे नको म्हणाली. तिला तिसऱ्यांदा विचारा.”

“आणि तिसऱ्यांदा हो म्हणाल्या, तर ते हो खरं कशावरून?” डॉक्टरांनी शांतपणे विचारलं. “तीनशे वेळा तिसऱ्यांदा हो म्हटलंय त्यांनी. तेही रीतीप्रमाणेच असेल की.”

बाईंचं बरोबर होतं.

“मग तिला समजावून सांगतो, आक्का, हा खेळ नाही, सरळ उत्तर दे.”

“या प्रश्नाबद्दल तुम्ही त्यांच्याशी एक अक्षर जरी बोललात, तर ते उत्तर मी धरू शकत नाही. घरच्यांनी पढवलं असा अर्थ होतो. नियम माझा नाही, पण चांगला नियम आहे. पढवलेली माणसं मी पाहिली आहेत.”

इतका वेळ दाराशी उभा असलेला इरफान पुढे आला. “भरतदादा, तारेचं घर?”

भरतेशने त्याच्याकडे वळून पाहिलं. खेळाच्या नकाशात अगदी पहिल्या चौकोनात तारेचं स्वतःचं घर होतं. तिथे तिची आई होती. ती एकदाच विचारायची. नको म्हटलं की भांडं फडताळात परत ठेवायची आणि विषय संपला. गावोगाव नको-नको म्हणायची सवय लागलेले लोक घरी येऊनही नको म्हणायचे आणि चहाला मुकायचे. दोनशे बारा जणांनी ही चूक म्हणून कळवली होती. आक्का जागची हलली नाही. त्यांची खरी आई तशीच होती. पुन्हा विचारायचं तर पहिल्या उत्तराला काय किंमत राहिली, असं आई म्हणायची. तिच्या घरात आग्रह नव्हता.

डॉक्टर पुन्हा खुर्चीवर बसल्या. बराच विचार करून त्या म्हणाल्या, “ठीक आहे. पण खेळात काही बदल करायचा नाही, त्यांना उचलून घरी नेऊन ठेवायचं नाही. त्या स्वतः गेल्या पाहिजेत. घरी पोचल्या की आधी साधा चहा विचारायचा. पहिल्याच वेळी हो आलं, तरच मी मानेन की इथे त्या सरळ बोलताहेत. मग आपला प्रश्न, एकदाच. आणि ऐका, भरतेश, जे उत्तर येईल ते शेवटचं. आत्ता तुमच्याकडे निदान शंका तरी आहे. उद्या ती राहणार नाही.”

“चालेल,” भरतेश म्हणाला. त्याला त्या वाक्याचा अर्थ तेव्हा नीट कळला नव्हता.

पानवडीहून घर सात गावं लांब होतं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता तो आक्काच्या कानाशी वाकला. “आक्का, तारेला घरी नेऊया. आईकडे. जाशील?” एवढंच बोलायची परवानगी होती. पडद्यावर काही क्षण काहीच हललं नाही. मग तारा ओसरीवरून उठली, गाढवाचा दोर धरला आणि पश्चिमेच्या वाटेला लागली.

“कळलं तिला!” इरफान म्हणाला.

पण कळणं वेगळं आणि पोचणं वेगळं. एकेका निवडीला यंत्र वीस सेकंद घ्यायचं, कारण प्रत्येक लय ते दोनदा तपासायचं. पहिल्याच वळणावर सरदार बसला. तीन डाव गेले. उठला, दहा पावलं चालला, पुन्हा बसला. भरतेशने कधीकाळी हौसेने लिहिलं होतं, की गाढव पाचातून एकदा बसेल. ते पडद्यावर पाहताना त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

दुसऱ्या गावाच्या वेशीवर तलाठी आडवा आला. टोमणा, गोड बोल, रुसवा, पुन्हा गोड बोल. सव्वीस डाव झाले. मग एका म्हातारीने प्रेमाने तांब्या दिला, पिशवी भरली, आणि काहीतरी टाकून दिल्याशिवाय खेळ पुढे जाऊ देईना. आक्काने तांब्या टाकला. म्हातारी रुसली. तिची समजूत काढण्यात अकरा डाव गेले.

“हा असला खेळ कुणी केला रे?” भरतेश हताश होऊन म्हणाला.

“तुम्हीच, दादा,” इरफान म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं नाही.

तरी ती चालत होती. वाटेत जत्रा होती, कोडी होती, बक्षिसं होती. ती कशातच अडकली नाही. एरवी ज्या संवादांवर ती रेंगाळायची, स्वतःचीच वाक्यं पुन्हा पुन्हा वाचायची, तेही तिने सोडून दिले. भरतेशच्या अंगात आशा चढू लागली.

“बघितलंस? किती घाई चाललीय तिची,” तो म्हणाला. “जगायचं नसतं तर एवढी धडपड केली असती का?”

इरफान पुढची लय तपासत राहिला.

दुपारी तीनपर्यंत चार गावं मागे पडली. नदीच्या उताराशी आत्याबाई उभ्या होत्या. हा खेळातला सगळ्यांत चिवट सामना, आणि आत्याबाई म्हणजे त्यांच्या खऱ्या आत्याची हुबेहूब नक्कल. तेहेतीस डाव झाले, आत्याबाई नरमत आल्या, आणि खाटेशेजारचं यंत्र वाजायला लागलं. आक्काच्या रक्तातला प्राणवायू खाली आला होता. नर्स धावत आली. तिने मास्कचा दाब वाढवला, जाळीचा संपर्क तोडला.

“आज पुरे. त्यांना झोपू दे.”

“सिस्टर, दोन मिनिटं! फक्त चहा घेऊ दे तिला, चहा घेतल्याशिवाय...”

नर्सने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस आता याच मजल्यावर दाखल करावा लागणार. तिला काय सांगणार? शेवटचा चहा दुसऱ्या गावात घेतलेला होता. घाईत आक्का पुढच्या दोन्ही गावांत कुठे थांबली नव्हती. पडदा काळा झाला आणि दिवसभरातली निम्मी वाट पुसली गेली.

भरतेश जिन्यात जाऊन बसला आणि लहान मुलासारखा रडला. लोकांनी किती वेळा लिहिलं होतं, कुठेही जतन करू द्या, अध्येमध्ये काम निघतं, आजारपणं निघतात. त्याने उत्तर दिलं होतं, की सहज मिळालेल्या गोष्टीची गोडी राहत नाही. केवढा शहाणपणा! त्या उत्तराला चारशे लोकांनी शाबासकीही दिली होती.

शनिवारी सकाळी सहाला डॉक्टर स्वतः आल्या. त्यांची ड्युटी नऊची होती. “सुरू करा,” एवढंच म्हणाल्या.

आक्का दमलेली होती. यंत्राला एकेक लय तीन-तीनदा तपासावी लागत होती. पण या वेळी ती शहाणी झाली होती. तिसऱ्या गावात तिने चहाला थांबून घेतलं. नको. नको. हो. चौथ्या गावात पुन्हा. नको. नको. हो. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या आणि प्रत्येक वेळी कागदावर खूण करत होत्या. आत्याबाईंशी सामना झाला तेव्हा आक्काने पहिल्या डावापासून एकच पर्याय धरला: गप्प राहा. गप्प, गप्प, गप्प. सोळाव्या डावाला आत्याबाई कंटाळून निघून गेल्या. हा डाव भरतेशलाही माहीत नव्हता. तो त्याने लिहिलाच नव्हता, आकड्यांच्या कुठल्या तरी फटीतून तिने तो शोधून काढला होता.

“आक्का, वाघीण आहेस तू!” तो ओरडला. डॉक्टरांनी बोट ओठांवर ठेवलं.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी तारा घराच्या दाराशी आली. सरदार अंगणात बसला, आणि या वेळी त्याला कुणी उठवलं नाही. आत चुलीपाशी आई होती. आक्काने लिहिलेलं, भरतेशने रंगवलेलं ते घर. कोपऱ्यात हंडा, फडताळात चार पितळी भांडी.

“आलीस?” आई म्हणाली. “चहा टाकू का?”

खाली दोन पर्याय उमटले: हो, नको. वीस सेकंद गेले, चाळीस गेले.

‘हो.’

इरफानने खाटेच्या कठड्यावर मूठ आपटली. भरतेशने डॉक्टरांचा हात धरला आणि लगेच सोडला. पहिल्याच वेळी हो! ती सरळ बोलत होती. दारात आलेली त्रिशला पदराने डोळे पुसत होती. खेळातल्या आईने आधण ठेवलं, कपबशी काढली. भरतेशच्या मनाने तेवढ्यात गळ्याची शस्त्रक्रिया उरकली, जयसिंगपूरच्या घरात पुढची खोली रिकामी केली, श्वासाच्या यंत्राला जागा केली, खिडकीकडे खाट लावली.

“आता,” डॉक्टर म्हणाल्या.

इरफानने चौकटीत प्रश्न घातला. आईने कपबशी तारेपुढे ठेवली आणि विचारलं, “श्वासाचं यंत्र कायमचं लावायचं का?”

या वेळी यंत्राला तीनदा तपासावं लागलं नाही. एकदाही थांबावं लागलं नाही. आजच्या दिवसातली सगळ्यांत स्वच्छ लय होती, असं इरफानने नंतर सांगितलं.

‘नको.’

आईने मान हलवली. फडताळाचं दार उघडलं, हातातलं भांडं आत ठेवलं आणि दार लावलं. तिला दुसरं काही येतच नव्हतं.

ती घाई कशासाठी होती, हे भरतेशला आता कळलं. जिथे एकदाच विचारतात, तिथे तिला पोचायचं होतं. तो खाटेच्या कडेला बसला आणि आक्काचा गार पडलेला हात दोन्ही हातांत घेतला.

“आक्का,” तो म्हणाला, “असं करू नकोस गं. मी बघतो सगळं. त्रिशला आहे, मी आहे. राहा की.”

डॉक्टरांनी त्याला अडवलं नाही. त्यांचा कागद भरून झाला होता.

पडद्यावर तारा तशीच बसून होती. खाली शब्द होते: तुमचा डाव.

“थोडे दिवस तरी,” भरतेश म्हणाला. “माझ्यासाठी.”

झालं, हे दुसऱ्यांदा झालं. ते त्याच्याही लक्षात आलं. तिसऱ्यांदा म्हणायला त्याने तोंड उघडलं. फक्त एक वाक्य. तीनशे वेळा तिने तिसऱ्या आग्रहाला हो म्हटलं होतं. कोण जाणे, आताही म्हणाली असती. पडद्यावर दोन शब्द अजून तसेच होते, आणि इरफान त्याच्याकडे बघत होता. भरतेश म्हणाला असता तर त्याने प्रश्न पुन्हा घातला असता.

भरतेशने तोंड मिटलं.

त्याने पडद्यासमोरची खुर्ची खाटेजवळ ओढली आणि बहिणीचा हात धरून बसून राहिला. तारेच्या पुढ्यात चहा होता. वाफ निघत होती. काही वेळाने आक्काने डाव टाकला आणि तारेने कप उचलला.

खेळ जतन झाला.